घरच्या घरी गिटार शिकलात, आता क्लास कोणता लावायचा: क्लासिकल की पॉप्युलर?

दीड-दोन वर्षं व्हिडिओ बघून आणि मित्रांकडून कॉर्ड उचलून गिटार शिकलेल्या माणसाची अडचण नवख्यापेक्षा वेगळी असते. जी, सी, डी, ई मायनर सफाईने येतात, दहा-बारा गाणी वाजतात, एफ आला की हात अडखळतो. नवख्याची पाटी कोरी असते. याच्या पाटीवर निम्मं बरोबर आणि निम्मं चुकीचं आधीच लिहून झालेलं असतं, आणि कुठलं निम्मं कुठलं हे त्याला स्वतःला कळत नाही. पॉप्युलरचे सर त्यातलं बरंचसं तसंच ठेवून पुढे नेतात. क्लासिकलचे सर बसणं, उजवा हात आणि वाचन या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून घ्यायला लावतात. म्हणून निर्णय आवडीच्या गाण्यांच्या यादीवर सोडू नका. आपला हात आज नेमका कुठे आहे आणि वर्षभराने आपल्या गिटारमधून काय ऐकू यायला हवंय, या दोन गोष्टी आधी तपासा. त्याला साधारण महिना लागतो, आणि तो महिना दिला तर पुढची फी वाया जात नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

आपल्याकडे 'क्लासिकल' म्हटलं की घरच्यांना ख्याल-तराणा आठवतो. क्लासिकल गिटारचा त्याच्याशी संबंध नाही. ही युरोपातली परंपरा आहे. तिच्या गिटारचा आजचा आकार प्रामुख्याने स्पेनचे कारागीर अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांच्या कामातून ठरला, फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांनी वादनाच्या तंत्राला वळण दिलं आणि आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी हे वाद्य जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेलं. यात एकच वादक एकाच वेळी खालचा बास, मधले सूर आणि वरची चाल वाजवतो. गायक नसतो, साथ नसते.

पॉप्युलर म्हणजे सिनेसंगीत, भावगीत, रॉक, पॉप, ब्लूज यांची साथ आणि लीड. कॉर्ड, स्ट्रमिंग, रिफ, सोलो हे तिचे विषय. राग वाजवायची ओढ असेल, तर ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांच्यासारखी मांडीवर आडवी ठेवून, तारेवर धातूची दांडी सरकवत वाजवायची गिटार हा तिसराच रस्ता आहे. त्यासाठी हिंदुस्थानी संगीताचा गुरू शोधावा. वरच्या दोन्ही क्लासांत ते मिळणार नाही.

पहिली पायरी: तीन रेकॉर्डिंग

फोन समोर अशा जागी उभा करा की दोन्ही हात दिसतील. मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं, फुकट मिळणारं कुठलंही ॲप चालेल.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पाठ असलेलं एक गाणं मेट्रोनोम ७० वर (मिनिटाला ७० ठोके) ठेवून, न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा आणि बरोबर गुणगुणा. दुसऱ्यात सी, ए मायनर, एफ, जी अशा कॉर्ड प्रत्येकी चार ठोके, ६० च्या लयीत, सलग दोन मिनिटं. तिसऱ्यात लहानपणापासून कानात असलेली एखादी साधी चाल टॅब (कुठली तार कुठे दाबायची हे आकड्यांत लिहिलेलं) न बघता, एकेका सुराने शोधून काढा. त्यासाठी दहा मिनिटं घ्या.

दुसऱ्या दिवशी बघा. त्याच दिवशी बघितलंत तर चुका ऐकू येण्याऐवजी आठवतात. कॉर्ड बदलताना चौथा ठोका दरवेळी खाल्ला जातोय का? नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागचा अंगठा वरून पंज्यासारखा बाहेर येतोय का? उजव्या हाताची करंगळी गिटारच्या अंगावर रोवलेली आहे का? चाल शोधताना पहिले चार सूर सापडायला किती वेळ गेला?

लयीचे आणि कानाचे दोष पॉप्युलरच्या चांगल्या क्लासमध्ये लवकर सुधारतात, कारण तिथे सगळं काम गाण्याबरोबर चालतं. हाताचे दोष क्लासिकलमध्ये मुळापासून निघतात. ज्याचा पहिला आणि तिसरा भाग चांगला जमला आणि दुसऱ्यात मनगट दुखलं, त्याने क्लासिकलचा विचार मनापासून करावा, मग वाजवायची गाणी कुठलीही असोत.

दुसरी पायरी: हातातली गिटार तपासा

पट्टी घ्या आणि नट मोजा. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती पांढरी पट्टी. ती ५० ते ५२ मिलिमीटर असेल आणि खालच्या तीन तारा पारदर्शक नायलॉनच्या असतील तर ती क्लासिकल गिटार. ४३ मिलिमीटरच्या आसपास असेल आणि सगळ्या तारा धातूच्या असतील तर ती स्टीलची अकूस्टिक. हा सात ते नऊ मिलिमीटरचा फरक बोटांना फार मोठा वाटतो. अरुंद नेकच्या गिटारवर तारा जवळजवळ असतात, त्यामुळे उजव्या हाताची चार बोटं चार तारांवर दाटीने बसतात. रुंद नेकवर अंगठा वरून आणून सहावी (सर्वांत जाड, वरची) तार दाबायची पॉप्युलरमधली सवय चालत नाही.

स्टीलच्या गिटारवर क्लासिकलचा क्लास सुरू करू नका. महिनाभर चालून जातं, पण नखं धातूवर घासून झिजतात आणि अंतर चुकीचं असल्याने हाताला चुकीची मापं लागतात. उलट, नायलॉनच्या गिटारवर कॉर्ड आणि स्ट्रमिंग शिकायला काहीच हरकत नाही. आवाज मऊ येतो, एवढंच. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवणं. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलच्या हलक्या संचाचाही ७० किलोच्या आसपास. काही दिवसांत ब्रिजची (तारा खाली जिथे बांधतात त्या पट्टीची) मागची कड उचलली जाते, पुढची फळी फुगते आणि नेक वाकते.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) वर सहाव्या तारेचं अंतर मोजा. स्टीलवर २ ते २.५ मिलिमीटर ठीक, नायलॉनवर ४ च्या आसपास. मग तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. जास्त असेल तर नटच्या खाचा उंच आहेत, आणि एफ न वाजण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर खाचा घासून थोड्या वेळात हे नीट करतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. जुलैमध्ये अचानक हात दुखायला लागला तर आधी पट्टी काढा. स्वतःला दोष देण्याची वेळ नंतर.

तिसरी पायरी: दोन्हीकडे दोन-दोन आठवडे

क्लास लावण्याआधी दोन्ही पद्धतींचा खरा अभ्यास घरीच करून बघा. रोज ३० मिनिटं, टायमर लावून.

पहिले दोन आठवडे क्लासिकल. बिनहाताच्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा. डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवा. गिटारची कंबर डाव्या मांडीवर आणि वरचं टोक डोळ्यांच्या उंचीला. डावी मांडी, उजवी मांडी, छाती आणि उजवा हात या चार जागी टेकून गिटार स्थिर राहिली पाहिजे. डावा हात सोडून बघा. गिटार हलली तर बसणं चुकलंय.

पहिली १० मिनिटं उजव्या हाताला द्या. अंगठा पाचव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेवर ठेवा. सी कॉर्ड धरा. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका अशा क्रमाने, ६० च्या लयीत, एका ठोक्याला दोन सूर. मग जी सेव्हन धरा आणि अंगठा सहाव्या तारेवर न्या. माउरो जुलियानी (१७८१–१८२९) यांनी उजव्या हातासाठी रचलेले १२० अभ्यास याच दोन कॉर्डवर उभे आहेत, कारण डावा हात सोपा ठेवला की सगळं लक्ष उजव्याकडे जातं.

इथे करंगळी गिटारवर टेकू देऊ नका. करंगळी आणि अनामिका यांचे स्नायुबंध एकमेकांत अडकलेले असतात. करंगळी रोवली की अनामिका जखडते आणि तिचा सूर बारीक व उशिरा येतो. घरी शिकलेल्या बहुतेकांचा पहिल्या तारेवरचा सूर याच कारणाने दबका असतो.

पुढची १० मिनिटं पहिल्या तारेवर तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. सूर काढून झाला की बोट शेजारच्या दुसऱ्या तारेवर येऊन विसावतं. याला रेस्ट स्ट्रोक म्हणतात. सूर भरीव येतो. बोट तारेवर न विसावता हवेतून तळहाताकडे गेलं की तो फ्री स्ट्रोक. तार बदलताना एकच बोट लागोपाठ दोनदा वापरलं जातं, आणि वाजवताना ते कळतच नाही. व्हिडिओत मात्र लगेच दिसतं.

शेवटची १० मिनिटं वाचन. नेकच्या वरच्या टोकाशी, उघड्या तारा आणि पहिले तीन फ्रेट मिळून १७ शुद्ध सूर आहेत. रोज दोन सूर स्टाफवर (पाच रेघांच्या स्वरलिपीत) ओळखायचे आणि गिटारवर वाजवायचे. नवव्या दिवशी सगळे होतात. टॅबवर वाढलेल्याला हे फार जड जातं. तरी करा, कारण टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगते, पण बास किती वेळ वाजत राहिला पाहिजे आणि चाल त्यातून वेगळी कशी निघते हे सांगत नाही. क्लासिकलचा सगळा जीव त्यातच असतो.

पुढचे दोन आठवडे पॉप्युलर. पहिली १० मिनिटं फक्त लय, आणि तीही एकाच कॉर्डवर. केरव्याच्या आठ मात्रा मोजा. विषम मात्रेला हात खाली, सम मात्रेला वर. हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत हलत राहिला पाहिजे, पण तारांना स्पर्श फक्त १, ३, ४, ६, ७ आणि ८ ला. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांवरून हवेतच जातो. इथेच गफलत होते. पाचव्या मात्रेला तार वाजवायची नाही म्हणून हात थांबवला जातो आणि सहावी घाईत येते. त्यानंतर दादरा: सहा मात्रा, १ आणि ४ ला अंगठ्याने बास, बाकी चार मात्रांना हलके खालचे झटके. मराठी आणि हिंदी गाण्यांचा केवढा तरी भाग या दोन चालींत बसतो.

पुढची १० मिनिटं बार कॉर्डची, म्हणजे एकच बोट आडवं टाकून अनेक तारा दाबायच्या कॉर्डची. एफमध्ये तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायच्या असतात असं समजून लोक बोट मोडून घेतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतातच. तर्जनीला खरं काम सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर आहे. बोट थोडं अंगठ्याच्या बाजूला कलंडवा, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर येते. फ्रेटच्या धातूच्या अगदी जवळ ठेवा. कोपर किंचित अंगाकडे ओढा, जोर हाताच्या वजनातून येऊ दे. किती दाबायचं हे ठरवायला उलटी रीत वापरा: सूर वाजवत असताना दाब हळूहळू कमी करा, तार खरखरायला लागली की थांबा, आणि त्याच्या किंचित वर या. बहुतेकांना कळतं की आपण गरजेच्या दुप्पट जोर लावत होतो.

शेवटची १० मिनिटं गायकाच्या पट्टीची, म्हणजे तो ज्या सुरात गातो त्याची. गायकाबरोबर बसायचं असेल तर हे यायलाच हवं, आणि बहुतेक व्हिडिओ हे शिकवत नाहीत, कारण आपल्याकडचा गायक 'सी शार्प' म्हणत नाही, 'काळी एक' म्हणतो. काळी एक आली की कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार वाजवा. काळी दोनला तिसऱ्या फ्रेटवर सीचे आकार. काळी तीनला दुसऱ्या फ्रेटवर ईचे. काळी चारला पहिल्या फ्रेटवर जीचे आणि काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर जीचे. हे पाच जोड पाठ झाले की घरगुती मैफलीत हार्मोनियमच्या शेजारी निर्धास्त बसता येतं. कॅपो लावल्यावर एकदा तारा पुन्हा जुळवून घ्या, दाबामुळे त्या किंचित चढतात.

महिना संपला की एकच गोष्ट बघा: टायमर वाजल्यावरही कुठल्या पंधरवड्यात तुम्ही वाजवतच राहिलात. कौतुक कुठल्या बाजूने जास्त झालं ते विसरा, कारण कौतुक नेहमी गाण्यालाच जास्त होतं.

चौथी पायरी: चाचणी तास

एकट्याचा एक तास पैसे देऊन घ्या, दोन्हीकडे. बॅचमध्ये सहा जण असले तर स्वतः शिकलेल्याचं नुकसान होतं. त्याची कच्ची बाजू कुठेही असू शकते आणि सगळ्यांचा धडा त्याच जागी पडेलच असं नाही.

सरांना किंवा मॅडमना आपली तीन रेकॉर्डिंग दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. 'माझ्या हातातलं आधी काय बदलाल, आणि का?' आणि 'तीन महिन्यांनी मला काय वाजवता येईल?' चांगला शिक्षक पहिल्या उत्तरात तुमच्या हाताकडे बोट दाखवून बोलतो. 'सगळंच पहिल्यापासून' एवढंच म्हणून थांबला तर त्याने नीट पाहिलेलं नाही.

पॉप्युलरच्या क्लासमध्ये धोका असा की दर आठवड्याला एक गाणं, कॉर्डची झेरॉक्स आणि पुढचं गाणं. वर्षभराने तीस गाणी येतात आणि नवं गाणं कानाने उतरवता येत नाही. तासात ऐकून कॉर्ड ओळखणं होतं का, ते बघा. क्लासिकलच्या क्लासमध्ये धोका परीक्षेचा. वर्षभर तीन तुकडे (परीक्षेला वाजवायच्या रचना) घासले जातात आणि चौथा तुकडा समोर ठेवला तर वाचता येत नाही. दर तासाला काहीतरी नवं, सोपं, पहिल्यांदाच वाचून वाजवायला देतात का, हे विचारा.

परीक्षा द्यायची का

गरज नाही, पण शिस्त लागते. लंडनची ट्रिनिटी (स्थापना १८७२) आणि एबीआरएसएम (१८८९) या दोन्ही संस्था आठ ग्रेडपर्यंत क्लासिकल गिटारच्या परीक्षा घेतात. ट्रिनिटीच्या प्रत्यक्ष परीक्षेत १०० पैकी ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन, आणि त्यातले ६६ गुण तीन तुकड्यांचे. एबीआरएसएममध्ये १५० पैकी १०० ला पास, आणि सहाव्या ग्रेडपासून पुढे जायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला पर्याय म्हणून चालणारी परीक्षा लागते. पॉप्युलरसाठी ट्रिनिटीचा रॉक अँड पॉप आणि रॉकस्कूल हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. त्यांत ठरलेल्या साथीबरोबर वाजवावं लागतं, म्हणून लय पक्की होते.

घरी शिकलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते: पहिल्या ग्रेडपासूनच बसलं पाहिजे असं बंधन नाही. तयारी असेल तर सरळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या ग्रेडला बसता येतं. क्लासिकलकडे वळताना मात्र कॉर्ड येतात म्हणून तिसऱ्यावर उडी मारू नका. उजव्या हाताला पहिल्या ग्रेडचे तुकडेच आधी पुरेसे अवघड असतात.

कोणी काय निवडावं

गाणाऱ्या माणसाबरोबर बसायचं असेल, स्वतः गायचं असेल, बँड करायचा असेल: पॉप्युलर. यात दुमत नको. एकट्याने बसून पूर्ण वाटेल असं संगीत काढायचं असेल आणि तीन महिने नवख्यांचे धडे गिरवायची तयारी असेल: क्लासिकल. आठवड्याला दोनच दिवस वेळ मिळत असेल तर पॉप्युलर, कारण क्लासिकलचा हात रोजच्या वीस मिनिटांवर बसतो आणि शनिवार-रविवारच्या तीन तासांवर बसत नाही. इलेक्ट्रिक गिटार हवी असेल तर प्रश्नच उरत नाही.

स्टीलच्या गिटारवर बोटांनी चाल आणि बास एकत्र वाजवायची फिंगरस्टाइल मनात असेल, तर आमचं मत असं: सहा महिने क्लासिकलच्या सरांकडे उजवा हात बसवा, मग पॉप्युलरकडे या. उलट क्रमाने गेलेल्यांना करंगळी आणि मनगट सोडवायला फार वेळ लागतो. दोन्ही क्लास एकाच वेळी मात्र लावू नका. एकीकडे अंगठा नेकच्या मागे, दुसरीकडे वरून. एकीकडे नखं, दुसरीकडे पिक. पहिल्या वर्षात हात दोन्ही ऐकत नाही.

पहिले तीन महिने

क्लासिकल निवडलंत तर उजव्या हाताची नखं वाढवा. तळहाताच्या बाजूने पाहिलं तर बोटाच्या टोकाबाहेर एक ते दोन मिलिमीटर दिसतील एवढीच. आधी कानशीने आकार द्या, मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करा. खडबडीत कड सुरात खरखर आणते. डाव्या हाताची नखं पूर्ण कापलेली. दुसऱ्या महिन्यात जुनी गाणी विसरल्यासारखी वाटतात आणि नवं काही सुरेल वाजत नाही. बहुतेक जण इथेच क्लास सोडतात. आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्या गाण्यांसाठी राखून ठेवा, जुन्या पद्धतीने वाजवली तरी चालेल.

पॉप्युलर निवडलंत तर पाऊण मिलिमीटरच्या आसपासची पिक घ्या. फार पातळ पिक स्ट्रमिंगला गोड वाटते, पण एकेक सूर वाजवताना वाकते आणि लय मागे पडते. पिकचं टोक पाच-सहा मिलिमीटरच बाहेर ठेवा. जास्त बाहेर राहिली तर ती तारांत अडकते. दर आठवड्याला एक गाणं टॅब न बघता कानाने उतरवा. आधी बास शोधा, मग कॉर्ड मेजर की मायनर ते ठरवा. सरांनी सांगितलं नाही तरी हे करा, आणि उतरवलेलं तासाला घेऊन जा.

दोन्हीकडे मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर त्याच दिवशी थांबा आणि पुढच्या तासाला सरांना ती जागा दाखवा. बोटांच्या टोकांची आग दोन-तीन आठवड्यांत जाते. सांध्यात दुखत राहिलं तर बसणं किंवा तारांची उंची चुकलेली असते, आणि तसाच रियाज चालू ठेवला तर दुखणं वाढत जातं.

पहिल्या तासाला गिटार, ट्यूनर, पट्टीने मोजलेली नटची आणि तारांची मापं लिहिलेला कागद आणि तीन रेकॉर्डिंग घेऊन जा. ती रेकॉर्डिंग पुसू नका. बाराव्या आठवड्यात त्याच लयीत, त्याच तीन गोष्टी पुन्हा वाजवून सरांबरोबर शेजारी-शेजारी ऐका. पुढच्या तीन महिन्यांत काय घ्यायचं ते त्या तासाला ठरवता येईल.